विजेची रोजकीर्द
(मोबाईलशी जोडलेला बिनतारी मल्टिमीटर आणि त्याचा संस्थांस होणारा उपयोग)

महोत्सवी स्मरणिका हाती आली की तीत संस्थेचा इतिहास, कार्यकर्त्यांच्या आठवणी, देणगीदारांची नामावली आणि जमाखर्चाचा गोषवारा वाचावयास मिळेल, अशी सभासद बंधुभगिनींची अपेक्षा असते, व ती रास्तच आहे. त्या ओळीत विजेच्या एका मापनयंत्रावरील लेख पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्यासारख्या कोणत्याही संस्थेच्या खर्चाच्या बाजूवर जरा बारकाईने नजर टाकली, तर वसतिगृहातील पाण्याची मोटार, वाचनालयातील संगणक, दवाखान्यातील फ्रीज, मंगल कार्यालयातील इन्व्हर्टर व त्याच्या बॅटऱ्या यांच्या दुरुस्तीपायी दरसाल बरीच रक्कम खर्ची पडत असल्याचे दिसून येते. ही रक्कम देणगीदारांची असते. ती कोणत्या कारणाने खर्च झाली हे सांगण्याची जबाबदारी विश्वस्तांवर असते. आणि या एका बाबतीत मात्र विश्वस्तांपाशी 'मोटार जळाली, वाइंडिंग केले' यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. ती का जळाली, हे कोणासच ठाऊक नसते. ते ठाऊक करून घेण्याचे एक साधन आता सामान्य संस्थेच्या आवाक्यात आले आहे. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न कोठे अडतो?

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, म्हणजे औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर या बाजूस ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांस पुढील प्रसंग नवा वाटणार नाही. वसतिगृहाची मोटार जळते. वाइंडिंग करणारा कारागीर म्हणतो, 'तुमच्याकडे व्होल्टेज कमी येते.' वायरमन म्हणतो, 'मोटारच हलक्या प्रतीची आहे.' मोटार विकणारा म्हणतो, 'तुमचे वायरिंग जुने झाले.' तिघेही अनुभवी असतात आणि तिघेही कदाचित खरे बोलत असतात. पुढे चार महिन्यांनी तीच मोटार पुन्हा जळते.

अशा वेळी वायरमनास बोलावून मीटर लावावा, तर तो दुपारी अकरा वाजता येतो, खटका उघडतो, तारा लावतो आणि '२२८ आहे, ठीक आहे' असे सांगून जातो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्या क्षणी २२८ व्होल्टच होते. परंतु मोटार दुपारी अकरा वाजता जळाली नव्हती. ती पहाटे साडेपाचला, शेतीपंपांचा थ्री-फेज पुरवठा सुरू होताच आजूबाजूच्या शेकडो मोटारी एकदम चालू झाल्या, त्या वेळी जळाली असण्याचा संभव आहे. एका क्षणाचे मोजमाप म्हणजे दुकानाच्या गल्ल्यात दिवसातून एकदा डोकावून पाहणे होय. त्यावरून दिवसाचा व्यवहार कळत नाही. व्यवहार कळावयाचा तर रोजकीर्द लागते, म्हणजे कोणत्या वेळी किती आले व किती गेले याची ओळीने लिहिलेली नोंद लागते. विजेची अशी रोजकीर्द आपोआप लिहिणारे यंत्र म्हणजे मोबाईलशी जोडलेला बिनतारी मल्टिमीटर.

मल्टिमीटर म्हणजे काय?

आपला वायरमन ज्यास नुसते 'मीटर' म्हणतो, तोच मल्टिमीटर. विजेचा दाब (व्होल्ट), प्रवाह (अँपिअर) आणि विरोध (ओहम) ही तिन्ही मापे एकाच डबीतून घेता येतात, म्हणून त्यास हे नाव पडले. पूर्वी या प्रत्येक मापाकरिता निराळे यंत्र बाळगावे लागे. इंग्लंडातील टपाल खात्यात काम करणारे अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांस तारयंत्रांच्या दुरुस्तीकरिता अनेक यंत्रांचे ओझे वाहणे गैरसोयीचे वाटले, आणि त्यातून १९२३ च्या सुमारास 'ॲव्होमीटर' निघाला. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव तयार झाले. त्यात काटा हलत असे. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत अँड्र्यू के यांनी आकडे दाखविणारा व्होल्टमीटर बाजारात आणला, आणि काट्याच्या जागी हळूहळू आकडे आले.

आपल्या मराठी मुलखाचा या यंत्राशी संबंध जवळचा आहे. नाशिक शहर द्राक्षांकरिता व कुंभमेळ्याकरिता सर्वांस ठाऊक आहे. परंतु विद्युत् मापनयंत्रांचेही ते एक मोठे केंद्र आहे. मोटवाने यांचा कारखाना तेथे आहे, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची मापनयंत्रे नाशिकहून परदेशीही जातात. आपल्याकडील पुष्कळ वायरमनांच्या पिशवीतील मीटर नाशिकचा असण्याचा संभव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

बिनतारी जोडणी व नोंद

आता या मीटरात दोन गोष्टींची भर पडली आहे. पहिली बिनतारी जोडणीची. मोबाईलमधील 'ब्लूटूथ' ही सोय बहुतेकांनी गाणी ऐकण्याकरिता वापरलेली असते. थोड्या अंतरावरील दोन उपकरणांनी रेडिओलहरींच्या द्वारे एकमेकांस निरोप देणे, एवढाच तिचा अर्थ. या तंत्राकरिता काही कंपन्यांचा गट १९९८ साली एकत्र आला. २०१० साली तिची अत्यल्प वीज खाणारी आवृत्ती निघाली, आणि मग लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या मीटरासही दीर्घकाळ निरोप पाठविणे परवडू लागले. 'फ्लूक' या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने २०१४ साली आपले मीटर मोबाईलशी जोडण्याची व्यवस्था बाजारात आणली. पुढे अनेक कंपन्यांनी स्वस्त व महाग असे नाना प्रकार काढले.

दुसरी भर नोंदीची. ठराविक काळाने माप घ्यावयाचे, त्यापुढे तारीख व वेळ लिहावयाची, आणि ती ओळ साठवून ठेवावयाची, हे काम यंत्र न कंटाळता करते. दर मिनिटास एक नोंद घेतली, तर एका दिवसात १,४४० आणि आठवड्यात १०,०८० नोंदी होतात. एवढे आकडे माणसाने लिहावयाचे म्हटले तर तीन पाळ्यांत तीन कारकून बसवावे लागतील. मोबाईलमधील ॲप या नोंदींचा आलेख काढून दाखविते, आणि सर्व नोंदींचा तक्ता संगणकावर उघडता येईल अशा स्वरूपात पाठविण्याचीही सोय बहुतेक ॲपमध्ये असते. किमान किती, कमाल किती व सरासरी किती, हे तर ताबडतोब दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. काही मीटरांस स्वतःची स्मरणशक्ती असते. ते नोंदी आपल्यापाशी साठवितात व मोबाईल जवळ आला की त्यास देतात. काही मीटर मात्र प्रत्येक माप त्याच क्षणी मोबाईलकडे पाठवितात. मोबाईल दूर नेला की रोजकीर्द तेथेच तुटते. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरांचा धरावा. मध्ये भिंत आली वा मीटर लोखंडी पेटीत बंद केला, तर तो आणखी कमी होतो. ज्यांस रात्रभर नोंद घ्यावयाची आहे, त्यांनी पहिल्या प्रकारचा मीटर घेणे इष्ट.

उपयोग पहिला : मोटार व विजेचा दाब

वर सांगितलेल्या मोटारीचाच विचार करू. आपल्या घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट धरलेला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत अशा लघुदाबाच्या पुरवठ्यात सांगितलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असे बंधन घातले होते. तो हिशेब केला, तर २१६ ते २४४ हा योग्य पल्ला ठरतो. त्या नियमांची जागा पुढे नव्या नियमांनी घेतली असली, तरी अंदाजाकरिता हा पल्ला उपयोगी आहे.

आता समजा, आठवडाभराच्या नोंदीत रोज पहाटे साडेपाच ते आठपर्यंत दाब १८० व्होल्टांवर घसरलेला दिसला. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब २३० चा १८० झाला, तर जोर अर्धा कमी होत नाही हे खरे, परंतु तो सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. पाणी तर तितकेच वर चढवावयाचे असते. मग मोटार अधिक प्रवाह ओढू लागते, आणि प्रवाहाने उत्पन्न होणारी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाइंडिंगवरील लेप करपतो व एके दिवशी मोटार जळते. आलेख समोर असला म्हणजे उपायही स्वस्त निघतो. वसतिगृहाची टाकी पहाटे भरण्याऐवजी रात्री दहानंतर भरावी, आणि दाब ठराविक मर्यादेखाली गेल्यास मोटार बंद करणारा रिले बसवावा. वाइंडिंगच्या एका खेपेस जो खर्च येतो, त्यात ही सोय पुष्कळदा होऊन जाते.

याच्या उलट, आलेखात दाब आठवडाभर ठीक दिसला, तर तेही मोलाचेच आहे. दोष पुरवठ्यात नाही, मोटारीत वा आपल्या वायरिंगमध्ये आहे, हे निश्चित झाले. पुरवठा करणाऱ्यांस विनाकारण दोष देण्याचे टळले, आणि खऱ्या दुखण्याकडे लक्ष गेले.

आणखी एक धोका नोंदीने उघडकीस येतो. तीन फेजांच्या पुरवठ्यात न्यूट्रलची तार कोठे सैल झाली, तर एका फेजवरील दाब घसरतो व दुसऱ्यावरील एकदम चढतो. कधी कधी ३०० च्याही वर जातो. अशा वेळी दिवे एकीकडे मिणमिणतात व दुसरीकडे भगभगून फुटतात, आणि दूरदर्शन संच, संगणक, फ्रीज एका तडाख्यात निकामी होतात. परंतु संपूर्ण तार सुटण्याआधी कित्येक दिवस ती अधूनमधून सैल होत असते. आलेखात एका फेजचा दाब खाली व त्याच क्षणी दुसऱ्याचा वर, असे वारंवार दिसू लागले, की वायरमनास त्याच दिवशी बोलवावे. नुकसान होण्यापूर्वी मिळालेली ही सूचना होय.

उपयोग दुसरा : इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या

संस्थांच्या खर्चात बॅटरीचे कलम मोठे असते. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि शिशाच्या बॅटरीस उष्णता सोसत नाही. उष्णता दहा अंशांनी वाढली की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. बॅटरी खरोखर संपली की नाही, हे मात्र पुष्कळदा न तपासताच संपूर्ण संच बदलला जातो.

बारा व्होल्टांची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती अर्धी उरलेली असते, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. परंतु स्वस्थ स्थितीतील आकडा फसवू शकतो. खरी परीक्षा ओझ्याखाली होते. समजा बॅटरीवर १५० अँपिअर-तास असे लिहिले आहे, आणि इन्व्हर्टरवरील दिवे-पंखे तिच्यातून १५ अँपिअर घेत आहेत. नवी असता ती साधारण आठ-नऊ तास टिकावी. मीटर लावून रात्रभर दर मिनिटास नोंद घेतली, आणि चार तासांतच दाब १०.५ पर्यंत उतरला, तर निम्मी बॅटरी गेली असे समजावे. एकापेक्षा अधिक बॅटऱ्या साखळीने जोडलेल्या असतील, तर प्रत्येकीचा आलेख निराळा काढावा. अनेकदा चारांपैकी एकच दुबळी असते व ती बाकीच्यांस खाली ओढते. संच फार जुना झालेला नसेल, तर चारी बॅटऱ्या फेकण्याऐवजी एकच बदलून भागते. उरलेली रक्कम विद्यार्थ्यांच्या पुस्तकांस उपयोगी पडेल.

उपयोग तिसरा : दवाखान्यातील फ्रीज

पुष्कळ मल्टिमीटरांस उष्णतामान मोजणारी बारीक तार जोडता येते. लसी व काही औषधे २ ते ८ अंश सेल्सियस या पल्ल्यात ठेवावी लागतात. सकाळी दवाखाना उघडल्यावर फ्रीजचा काटा ५ दाखवितो, आणि सर्व ठीक आहे असे वाटते. परंतु रात्री चार तास वीज नव्हती, त्या वेळी आत १३ अंश झाले होते काय? औषध पाहून हे कळत नाही. गुण न देणारे औषध रोग्यास टोचले गेले, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि हाच त्यातील मोठा धोका होय.

केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१५ पासून 'ई-विन' नावाची व्यवस्था सुरू केली. तीत लसींच्या शीतपेट्यांचे उष्णतामान आपोआप नोंदले जाते व मर्यादा ओलांडताच संबंधितांच्या मोबाईलवर सूचना जाते. सरकारने देशभराकरिता जे केले, त्याचेच लहान रूप आपल्या धर्मादाय दवाखान्यात एका मीटरावर करून पाहता येते. कायमच्या देखरेखीकरिता मात्र त्याच कामासाठी बनविलेले स्वतंत्र नोंदयंत्र घ्यावे. मल्टिमीटराने चार रात्रींची परीक्षा घेऊन फ्रीज भरवशाचा आहे की नाही, एवढे ठरवावे.

शेतकरी सभासदांस येथे सांगावेसे वाटते की हीच तार तुरीच्या वा उडदाच्या थप्पीत खोल घालून ठेवता येते. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे. साठवलेल्या धान्यात ओल राहिली वा कीड लागली, की आतील उष्णतामान बाहेरच्यापेक्षा चढू लागते. ते वेळीच कळले तर पोती उलटून वाळविता येतात.

उपयोग चौथा : अर्थिंग

हा उपयोग आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतो, कारण येथे प्रश्न पैशाचा नसून मुलांच्या जिवाचा आहे. वॉटर कूलर, गिझर, मोटार यांच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती जमिनीत वाहून नेण्याचे काम अर्थिंग करते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, तर ते काम होत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत जमीन एकसारखी नाही. काळ्या मातीत ओल टिकते व अर्थिंग चांगले लागते. मात्र उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. बीदर शहर जांभा दगडाच्या पठारावर वसले आहे. जांभ्यातून पाणी झिरपून खाली जाते व वरचा थर कोरडा राहतो. बहामनी काळात नौबादच्या बाजूस जमिनीखालून पाण्याचे भुयारी कालवे खोदण्यात आले, ते याच खाली झिरपणाऱ्या पाण्याचा लाभ घेण्याकरिता. जेथे पाणी मिळविण्यासाठी पूर्वजांस इतके खोल जावे लागले, तेथे वरच्या थरातील अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत ओला राहील अशी आशा करणे व्यर्थ आहे.

अर्थिंगचा विरोध मोजण्याकरिता निराळे यंत्र लागते. ते मल्टिमीटराचे काम नव्हे. परंतु न्यूट्रल व अर्थ यांमधील दाबाची नोंद मल्टिमीटराने घेता येते. हा दाब साधारणतः एक-दोन व्होल्टांपलीकडे असू नये. तो वारंवार पाच-दहा व्होल्टांवर जात असेल, वा उन्हाळा वाढेल तसा वाढत असेल, तर न्यूट्रल वा अर्थिंग यांत दोष आहे असे समजून परवानाधारक वायरमनाकडून खड्डा तपासून घ्यावा व त्यास पाणी द्यावे. मात्र हा दाब कमी दिसला म्हणजे अर्थिंग चांगलेच आहे, असेही समजू नये. अर्थची तार तुटलेली असतानाही मीटर फसवा आकडा दाखवू शकतो. म्हणून वर्षातून एकदा योग्य यंत्राने तपासणी करणे अवश्य आहे.

पुण्याच्या एका विश्वस्त संस्थेचा धडा

नोंदीचे सामाजिक महत्त्व किती आहे, हे पुण्याच्या 'प्रयास' या सार्वजनिक विश्वस्त संस्थेने दाखवून दिले आहे. या संस्थेच्या ऊर्जा गटाने सामान्य ग्राहकांच्या घरी, दुकानी व शेतावर एक लहानसे यंत्र बसविण्याचा उपक्रम हाती घेतला. ते यंत्र मिनिटामिनिटाचा विजेचा दाब नोंदवी व मोबाईलच्या जाळ्यामार्फत ती नोंद मध्यवर्ती संगणकाकडे पाठवी. अनेक राज्यांत शेकडो ठिकाणी अशी नोंद घेण्यात आली व ती सर्वांस पाहण्याकरिता खुली ठेवण्यात आली. खेड्यात वीज किती तास येते, संध्याकाळी किती वेळा जाते, दाब किती असतो, यासंबंधी पूर्वी जी केवळ मते होती, त्यांच्या जागी आकडे आले. त्या यंत्रांची जात आपल्या बिनतारी मीटराहून निराळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

सीमाभागात हे तत्त्व आणखी एका कारणाने मोलाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातून आलेले हे प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात सामील झाले, तेव्हापासून मराठी बोलणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांस अर्ज लिहावयाचा म्हणजे दुसऱ्याचे साहाय्य घ्यावे लागते. कन्नडात मनातील सर्व उतरत नाही, आणि तोंडी सांगितलेली तक्रार कागदावर येता येता निम्मी होते. आकड्यांना ही अडचण नाही. 'अमुक तारखेस पहाटे ५-४० वाजता १८२ व्होल्ट' ही ओळ मराठी, कन्नड, उर्दू वा तेलुगू जाणणारा कोणीही अधिकारी सारखीच वाचतो. आलेख तर अक्षरशत्रूसही समजतो. २००३ च्या वीज कायद्यान्वये प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहकांकरिता तक्रार निवारण मंच ठेवावा लागतो, आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. अशा ठिकाणी सात दिवसांची नोंद जोडलेला अर्ज आणि 'व्होल्टेज फार कमी येते' एवढाच मजकूर असलेला अर्ज, यांत महदंतर आहे. खाजगी मीटराची नोंद हा अंतिम पुरावा मानला जाईलच असे नव्हे. परंतु तिच्यामुळे अधिकृत तपासणी कोणत्या वेळी करावी हे तरी निश्चित सांगता येते. 'पहाटे साडेपाच ते आठ या वेळात तपासणी व्हावी' अशी विनंती करता आली, तर अर्धे काम झाले.

घेताना व वापरताना

मीटर घेताना पुढील गोष्टी पाहाव्या. सुरक्षिततेचा दर्जा त्यावर छापलेला असतो. वितरण पेटीवर वापरावयाचा मीटर 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' या दर्जाहून कमी नसावा. 'ट्रू आर. एम. एस.' हे शब्द असावेत. कारण साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते, आणि साधा मीटर ती सुमारे ११ टक्के अधिक दाखवितो. मीटरास स्वतःचा पडदा असावा. 'मूशीमीटर'सारख्या काही मीटरांस पडदाच नसतो, मोबाईल हाच त्यांचा पडदा. ती रचना सुटसुटीत आहे, परंतु पुढे मोबाईल बदलला व ॲप चालेनासे झाले, तर मीटर मुका होतो. प्रवाह मोजण्याकरिता तारेस बाहेरून मिठी मारणारा क्लॅम्प घ्यावा, आणि बॅटरीकरिता तो एकदिश प्रवाह मोजणारा आहे याची खात्री करावी.

अचूकतेबद्दल अवास्तव अपेक्षा नको. मीटराच्या पुस्तिकेत 'अर्धा टक्का अधिक दोन अंक' असे लिहिलेले असेल व मीटर एक दशांश दाखवीत असेल, तर २३० व्होल्टांवर सुमारे दीड व्होल्टाची चूक संभवते. वरील सर्व कामांस एवढी अचूकता पुरेशी आहे.

नोंद सुरू करण्यापूर्वी मीटराचे आपोआप बंद होणे थांबवावे, मोबाईल चार्जिंगला लावावा, आणि वीज वाचविण्याकरिता मोबाईल ॲप बंद करतो ती सोय काढून ठेवावी. नाहीतर रात्री दोन वाजता नोंद थांबलेली सकाळी आढळते.

सर्वांत मोठी सूचना सुरक्षिततेची. बिनतारी मीटराचा खरा फायदा असा की एकदा तारा लावून पेटी बंद केली, की माणसाने चालू विजेजवळ उभे राहण्याचे कारण उरत नाही. परंतु त्या तारा लावण्याचे काम परवानाधारक वायरमनानेच, वीज बंद करून करावे. काड्या प्लगात खोचून मीटर तसाच लोंबत ठेवणे हे वसतिगृहात तर सर्वथा वर्ज्य समजावे. आवरण असलेल्या चिमट्यांनी तारा पक्क्या कराव्या, पेटीस कुलूप घालावे. आणि दाब मोजताना तार चुकूनही प्रवाहाच्या भोकात राहू देऊ नये. तसे झाल्यास शॉर्ट सर्किट होऊन भडका उडतो.

एक सूचना

प्रत्येक घराने असा मीटर घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. घरगुती वापरात तो वर्षातून दोनदा लागेल व उरलेला काळ कपाटात पडून राहील. परंतु एका संस्थेने एक चांगला मीटर घ्यावा, तो वसतिगृह, वाचनालय, दवाखाना व कार्यालय यांत पाळीपाळीने एकेक आठवडा लावावा, आणि निघालेला आलेख छापून तारखेसह एका फाईलमध्ये ठेवावा, ही गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन ऋतूंत एकेकदा ही फेरी केली, तर दोन वर्षांत संस्थेपाशी आपल्या विजेचा असा इतिहास जमेल की कोणताही कारागीर अंदाजाने बोलणार नाही. आय. टी. आय. वा पदविका शिक्षण घेणारे तरुण आपल्या कुटुंबांत आहेत. अनुभवी वायरमनाच्या देखरेखीखाली हे काम त्यांजकडे सोपविले, तर त्यांस शिक्षण मिळेल व संस्थेस सेवा.

संस्थेचा जमाखर्च आपण पै-पैचा ठेवतो, तो कोणावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्यास उत्तर देता यावे म्हणून. पुढील वार्षिक सभेत 'मोटार का जळाली?' असा प्रश्न एखाद्या सभासदाने विचारला, तर विश्वस्तांनी फाईल उघडून त्यास आलेख दाखवावा, इतकी आमची इच्छा आहे.